रोजचा एक मिलिमीटर

१९९४ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या मनगटाला काच लागली. बंडू बोर्ड रंगवायचा. आमच्या तालुक्याच्या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. एका दुकानाची काचेची पाटी चढवताना ती निसटून फुटली आणि तिचा तुकडा मनगटात घुसला. ज्या दवाखान्यात त्याला आधी नेले तिथे रक्त थांबवले, कातडी शिवली आणि घरी पाठवले. टाके निघाले, जखम भरली. पण अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिरच राहिले. गरम कप धरला तरी चटका कळेना. आईने त्याला तीनदा देवाचा अंगारा लावला. शेवटी शहरातल्या एका सर्जनांना दाखवले, तेव्हा कळले की मनगटातला मज्जातंतू तुटला आहे आणि तीन आठवडे तो तसाच पडून आहे.

सर्जनांनी दुर्बिणीखाली तो जोडला. घरी सोडताना त्यांनी जे समजावले ते मला अजून पाठ आहे. जोडला म्हणजे दिव्याची वायर जोडल्यासारखे होत नाही. जोडाच्या पुढचा तंतू मरतो, त्याची फक्त रिकामी नळी उरते. जोडाच्या मागून, खांद्याच्या बाजूने, नवा धागा फुटून त्या नळीतून बोटाच्या टोकापर्यंत चालत जावा लागतो. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत अठरा सेंटीमीटर, म्हणजे सहा महिने, आणि तेही सगळे सुरळीत झाले तर. धागा कुठवर आला ते पाहायचे असेल तर बोटांकडून मनगटाकडे हलकेच टिचक्या मारत यायचे. जिथे झिणझिण्या येतील तिथे त्याचे टोक आहे असे समजायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. मोजमाप म्हटले की मला चेव येतो. दर रविवारी सकाळी चहा झाला की मी बंडूचा हात मांडीवर घेऊन टिचक्या मारायचा, तो झिणझिण्यांची जागा सांगायचा, आणि तिथे मी बॉलपेनने ठिपका काढून अंतर डायरीत लिहायचा. आठवड्याला सात मिलिमीटर व्हायला हवे होते. पहिले पाच रविवार ठिपका हललाच नाही. माझा धीर सुटला. तू व्यायाम करत नाहीस, हात जपत नाहीस, असे मी त्याला बोललो. तो गप्प राहिला. आमच्या घरात ते पाच आठवडे फार वाईट गेले.

त्याच दिवसांत मी जिल्हा ग्रंथालयात जाऊन शरीरशास्त्राची पुस्तके चाळू लागलो. हा धागा वाढताना कोणी पाहिला आहे का, एवढेच मला हवे होते. एका जाड ग्रंथात शाईने काढलेले एक चित्र सापडले. वडाच्या झाडासारखी फांद्या-पारंब्या फुटलेली एक पेशी. खाली नाव होते सान्तियागो रामोन इ काहाल. त्या दिवसापासून हा स्पॅनिश गृहस्थ आमच्या घरातलाच झाला. आज त्याची गोष्ट सांगायची आहे.

पेंटरने नापास केलेला चित्रकार

काहालचा जन्म १ मे १८५२ चा, उत्तर स्पेनमधल्या पेतिया नावाच्या डोंगराळ खेड्यातला. वडील हुस्तो हे गरिबीतून, न्हावी-शल्यविशारदाच्या हाताखाली राबत शिकून वर आलेले खेडेगावातले डॉक्टर. कष्टाळू, काटकसरी आणि करडे. मुलाने डॉक्टरच व्हायचे हे त्यांनी ठरवून टाकलेले. मुलाला मात्र दिसेल त्या भिंतीवर आणि कागदावर चित्रे काढायचे वेड. बापाच्या हिशेबी चित्रे काढणे म्हणजे रिकामटेकडेपणा.

एकदा आयेर्बे गावात चर्चच्या भिंती रंगवायला बाहेरून एक रंगारी आला होता. वडिलांनी मुलाने काढलेले एका संताचे चित्र त्याच्यापुढे धरले आणि निकाल मागितला. रंगाऱ्याने पोराच्या हातात काही दम नाही असे सांगून टाकले. वडिलांना हवे होते तेच मिळाले. ही हकिकत मी बंडूला वाचून दाखवली तेव्हा तो त्या रंगाऱ्यावर जाम चिडला होता.

पोरगा वांड होता. अकराव्या वर्षी त्याने घरच्या घरी लाकडाची तोफ बनवली, शेजाऱ्याचे नवे कोरे फाटक उडवले आणि त्यापायी काही दिवस कोठडीची हवा खाल्ली. हाका गावच्या शाळेत पाद्र्यांनी त्याला बडवले, उपाशी ठेवले. पाठांतर त्याला जमले नाही ते नाहीच. अखेर वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे, मग चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. जोडे शिवण्यात तो चांगला तरबेज झाला.

वळण लागले ते १८६८ च्या उन्हाळ्यात. शरीरशास्त्र शिकवण्यासाठी वडील त्याला रात्री जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. बापलेकांनी उघडी पडलेली हाडे गोळा करून घरी आणली. हाड हातात घेऊन त्याचे उंचवटे, खाचा, भोके पाहायची आणि मग ते चित्रात उतरवायचे, असा अभ्यास सुरू झाला. ज्या हाताला बाप इतकी वर्षे फटके मारत होता, त्याच हाताचे आता त्याला कौतुक वाटू लागले. पुढे मुलाने काढलेल्या शरीररचनेच्या चित्रांचा ग्रंथ छापावा असेही त्याच्या मनात आले. बाप आणि मुलगा दोघांचाही हट्ट एका जागी येऊन मिळाला, असे फार थोड्या घरांत घडते.

पदरमोडीचे विज्ञान

१८७३ मध्ये सारागोसाहून काहाल डॉक्टर झाला आणि लगेच लष्करात भरती झाला. १८७४ मध्ये त्याला क्युबात पाठवले. तिथे स्पेनची वसाहत टिकवण्यासाठी लढाई चालू होती. पण दलदलीतल्या लष्करी दवाखान्यात गोळ्यांपेक्षा डासच जास्त माणसे मारत होते. मलेरिया आणि हगवणीने पोखरलेला काहाल १८७५ मध्ये परत आला. साठलेल्या पगारातून त्याने एक सूक्ष्मदर्शक घेतला. पुढे क्षयाने गाठले, रक्ताच्या गुळण्या झाल्या. त्यातूनही तो उठला. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानासशी लग्न केले. घरच्यांना ही घाई पसंत नव्हती. या जोडप्याला सात मुले झाली. प्राध्यापकाच्या तुटपुंज्या पगारात घर आणि नवऱ्याची प्रयोगशाळा दोन्ही चालवण्याचे श्रेय सिल्वेरियाचे आहे.

या माणसाला फोटोग्राफीचाही नाद होता. त्या काळी तयार काचपट्ट्या महाग. त्याने चांदीच्या क्षाराचा लेप देऊन त्या घरीच बनवायला सुरुवात केली आणि गावातले फोटोग्राफर त्या मागू लागले. घराचाच कारखाना झाला, बायकोही हाताशी लागली. तांबड्या दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत चांदीचे क्षार प्रकाशाने काळे कसे पडतात हे त्याने बोटांनी शिकून घेतले. ही कला पुढे वाया गेली नाही.

१८८४ मध्ये तो व्हॅलेन्सियाला शरीरशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी कॉलऱ्याची साथ आली. त्या साथीवर त्याने केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्याला झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. पैशाच्या थैलीने त्याला इतका आनंद झाला नसता. बुद्धिबळाचे व्यसन मात्र त्याने मोठ्या निग्रहाने सोडले.

१८८७ मध्ये माद्रिदला लुइस सिमार्रो या डॉक्टरांनी त्याला मेंदूचा एक काप दाखवला. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने तो रंगवला होता. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. हजारो पेशींपैकी मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण ज्या होतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. पिवळसर पार्श्वभूमीवर शाईने काढल्यासारखे झाड. गर्दीत सगळेच दिसले तर कोणीच दिसत नाही. गॉल्जींच्या चांदीने गर्दी हटवली होती. ही पद्धत चौदा वर्षे पडून होती, कारण ती लहरी होती. काहालने तुकडा दोनदा बुडवायला सुरुवात केली आणि प्रौढ मेंदूऐवजी पक्ष्यांची व प्राण्यांची पिल्ले, भ्रूण घेतले. दाट रान कापण्यापेक्षा रोपवाटिकेत झाड नीट दिसते, हा त्याचा विचार.

त्या काळी गॉल्जींसह बहुतेक पंडित मानत की मेंदू म्हणजे एकमेकांत विणलेले अखंड जाळे आहे. १८८८ मध्ये बार्सिलोनात पक्ष्याच्या लहान मेंदूचे काप पाहताना काहालला दिसले की जाळे नाहीच. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे. एकीच्या फांद्या दुसरीला बिलगतात, पण मिसळत नाहीत. हे छापायला कोणी बसले नव्हते, म्हणून त्याने स्वतःचे त्रैमासिक काढले. पहिल्या अंकाच्या साठ प्रती, सगळा खर्च पदरचा, मजकूर त्याचा आणि चित्रेही त्याचीच. प्रती परदेशी विद्वानांना पाठवल्या. स्पॅनिश वाचणार कोण? उत्तर आले नाही.

मग १८८९ मध्ये तो आपला सूक्ष्मदर्शक आणि कापांच्या पेट्या घेऊन बर्लिनच्या शरीरशास्त्र परिषदेला गेला. जर्मन येत नव्हते, फ्रेंच मोडके. त्याने टेबलावर काप मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून भिंगाखाली पाहायला लावले. त्या विषयातले पितामह अल्बर्ट कोलिकर यांनी पाहिले आणि ते थक्क झाले. काहालचे लेखन वाचता यावे म्हणून या वृद्ध पंडितांनी स्पॅनिश शिकायला घेतले. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. नाव त्यांचे, पण रक्त आटवले काहालने.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. एकाच समारंभात गॉल्जींनी आपल्या भाषणात न्यूरॉनच्या सिद्धांतावरच हल्ला चढवला. ज्याच्या रंगाने चित्र दिसले, त्यालाच ते चित्र मान्य नव्हते. काहालने मात्र आपल्या भाषणात गॉल्जींच्या कामाचा मान राखला.

वाट शोधणारे टोक

मला हवे होते ते १८९० सालचे काम. कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाच्या मज्जारज्जूत काहालला वाढत्या तंतूचे टोक दिसले. ते टोकदार नव्हते, शंकूसारखे पसरट होते आणि त्याला बारीक बोटांसारखे फाटे होते. मेलेल्या, रंगवलेल्या कापावरून त्याने ओळखले की हे टोक जिवंतपणी चाचपडत, आजूबाजूचा वास घेतल्यासारखे पुढे सरकत असणार, आणि त्याला कुठली तरी रसायने बोलावत असणार. १९५० च्या दशकात रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी असे एक रसायन शोधून काढले आणि त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

नोबेलच्या सुमारास काहाल तुटलेल्या तंतूंकडे वळला. प्राण्यांचे तंतू कापायचे, ठरावीक दिवसांनी तो भाग काढून चांदीने रंगवायचा आणि काय झाले ते चितारायचे. ही वर्षानुवर्षांची मेहनत १९१३-१४ मध्ये दोन खंडांत आली. छपाईचा खर्च अर्जेंटिनातल्या स्पॅनिश डॉक्टरांनी वर्गणी काढून उचलला होता. या ग्रंथातली काही चित्रे मला पुढे पाहायला मिळाली. जोडाच्या जागी व्रणात नवे धागे घुसतात, अडखळतात, मागे वळतात, स्वतःभोवतीच गुंडाळी करतात; काही मात्र पलीकडची नळी गाठतात आणि मग सरळ चालू लागतात. ती चित्रे पाहताना माझ्या डायरीतले ते पाच रविवार डोळ्यांपुढे आले. ठिपका हलत नव्हता, कारण बंडूचे धागे व्रणात वाट शोधत होते. त्यात त्याच्या व्यायामाचा काही दोष नव्हता.

मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू तुटले तर मात्र थोडे फुटून ते थांबतात, हेही काहालने पाहिले. प्रौढ माणसाच्या मेंदूतल्या वाटा कायमच्या बांधल्या गेल्या आहेत, असा कठोर निष्कर्ष त्याने काढला. पण तो बदलण्याची जबाबदारी पुढच्या विज्ञानावर टाकून तो मोकळा झाला. आशेचा एक धागा त्याच्याच प्रयोगशाळेत होता. त्याचा शिष्य फ्रान्सिस्को तेयो याने १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या तंतूचा तुकडा बसवला, तेव्हा मेंदूतले तंतू त्यात वाढत गेलेले दिसले. दोष तंतूत नसून त्याच्या आसपासच्या जमिनीत असावा, असा त्याचा अर्थ. १९८१ मध्ये मॉन्ट्रियलच्या अल्बर्ट अग्वायो यांच्या प्रयोगशाळेने नव्या साधनांनी ते पक्के केले.

१९३० मध्ये सिल्वेरिया गेली. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमध्ये गेला. अखेरपर्यंत त्याचे लिहिणे-वाचणे चालू होते.

तळव्यातला तांबडा प्रकाश

लहानपणी दिवे गेले की आम्ही बॅटरी तळव्याखाली धरायचो. हात तांबडालाल दिसायचा. रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि तांबडा बराचसा आरपार सोडते, म्हणून हे घडते. आज याच साध्या गोष्टीवर एक नवे तंत्र उभे राहात आहे.

तंतूला विजेचा हलका झटका दिला तर तो जागा होतो, हे गॅल्व्हानीच्या बेडकापासून ठाऊक आहे. कॅनडातल्या टेसा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की उंदराचा तंतू जोडल्यावर फक्त एक तास, सेकंदाला वीस या गतीने झटके दिले तर पंचवीस मिलिमीटरची मजल सगळे धागे तीन आठवड्यांत गाठतात. एरवी त्याला आठ ते दहा आठवडे लागतात. विजेने धाग्याचा रोजचा मिलिमीटर वाढत नाही. जोडाच्या जागचे घुटमळणे कमी होते, आणि मागे रेंगाळलेले धागे लवकर निघतात. २०१० मध्ये मनगटात तंतू दबलेल्या माणसांवर शस्त्रक्रियेनंतर हाच उपाय केला, तेव्हा अंगठ्याच्या स्नायूत पुन्हा जोडले गेलेले तंतू अधिक आढळले.

पण हे झटके पुनःपुन्हा द्यायचे तर कातडीतून वायर बाहेर काढावी लागते, आणि वायरच्या वाटेने जंतू आत शिरतात. आत बॅटरी ठेवावी तर ती जाड. इथे तळव्यातला तांबडा प्रकाश कामाला येतो. एरिक ग्लोवाच्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मांडीतल्या मोठ्या तंतूभोवती एक पातळ पट्टी गुंडाळली. तिच्यावर रंगद्रव्याचे अतिपातळ थर होते. बोर्डवरच्या निळ्या रंगात असते त्या थॅलोसायनिनच्या कुळातलेच एक द्रव्य त्यात आहे. बाहेरून कातडीवर गडद तांबडा प्रकाश टाकला की थरांत विजेचे भार वेगळे होतात, भोवतालच्या द्रवात क्षणभर प्रवाह उठतो आणि तंतू पेटतो. वायर नाही, बॅटरी नाही. शंभराहून अधिक दिवस ती पट्टी काम करत राहिली. हे संशोधन २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

प्रकाशावर चालणारे असे यंत्र माणसाच्या डोळ्यातही बसले आहे. दोन मिलिमीटरची एक चकती डोळ्याच्या पडद्यामागे ठेवतात, चष्म्यातून अदृश्य अवरक्त प्रकाश तिच्यावर पडतो आणि ती पडद्यातल्या पेशींना जागे करते. वयामुळे मधली नजर गेलेल्या रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये आले. वर्षभर पाहिलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची नजर सुधारली होती. ही चकती तंतू वाढवत नाही, उरलेल्यांना फक्त हाक मारते. पण ज्या पेशींना ती हाक मारते त्या काहालने १८९० च्या दशकात एकेक करून चितारल्या होत्या.

तुटलेला तंतू वाढवायला प्रकाशावरची पट्टी अजून प्रयोगशाळेतच आहे. आज कोणाच्या हाताला अपघात झाला तर त्याने तिची वाट पाहू नये. बोट बधिर वाटले तर कातडी शिवून घरी न जाता तंतू तपासून घ्यावा, एवढे मात्र मी प्रत्येकाला सांगतो. आमचे तीन आठवडे त्यातच गेले.

बंडूच्या बोटांना नऊ महिन्यांनी स्पर्श कळू लागला. अंगठ्याच्या तळाचा उंचवटा मात्र भरला नाही. तो ब्रश तर्जनी आणि मधल्या बोटात धरायला शिकला आणि फ्लेक्सचे बोर्ड येईपर्यंत त्याच हाताने अक्षरे काढत राहिला. थंडीत हात अजून ठणकतो. आता या पट्टीचा त्याला उपयोग नाही. इतक्या वर्षांत ते स्नायू वाळून गेले आहेत.

परवा त्याच्या नातीने मोबाइलचा दिवा त्याच्या तळव्याखाली धरला, तेव्हा मी त्याला हे सगळे सांगितले आणि त्या पाच रविवारांबद्दल माफी मागितली. तीस वर्षे उशीर झाला होता. तो हसायला लागला. म्हणाला, दादा, सहाव्या रविवारीसुद्धा ठिपका हलला नव्हता. तू पुन्हा बोलशील म्हणून मीच झिणझिण्या थोड्या पुढे सांगितल्या. घरी येऊन मी जुनी डायरी काढली. सहाव्या रविवारी मी चार मिलिमीटर लिहिले आहेत आणि पुढे उद्गारचिन्ह काढले आहे. तो आकडा मी खोडलेला नाही.